सेंद्रिय अन्न : प्रश्न शेताचा, वाद ताटाचा

इंदुरातल्या मराठी घरांमध्ये गेल्या काही वर्षांत भाजीपाल्यावरून एक नवेच सोवळेओवळे सुरू झाले आहे. रविवारच्या जैविक हाटातून, म्हणजे सेंद्रिय मालाच्या बाजारातून, दीडपट-दुप्पट भावाने आणलेली पालकाची जुडी सोवळ्यातली, आणि चोइथराम मंडीतून हातगाडीवर व हातगाडीवरून दारात आलेली जुडी ओवळी, असा हा भेद आहे. एका बाजूच्या लोकांना बाजारातल्या प्रत्येक वांग्यात विष दिसते, आणि ओळखीत कुणाला कर्करोग झाला की त्याचे कारण त्यांना आधीच ठाऊक असते. दुसरी बाजू हे सगळे पैसेवाल्यांचे खूळ म्हणून उडवून लावते. ‘आमचे आजोबा युरियाचाच गहू खाऊन नव्वदीपर्यंत ठणठणीत होते’ एवढा एक दाखला तिला पुरतो. मंडळाच्या बैठकीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत हा वाद सारख्याच हिरिरीने चालतो. त्यात एकीकडे भीती आहे, दुसरीकडे टवाळी आहे, आणि पुरावा दोघांकडेही बेताचाच आहे. ज्यांची सांवेर-देपालपूरकडे अजून थोडीफार शेती आहे, तेसुद्धा या वादात फक्त खाणारे म्हणूनच बोलतात, हे मला अधिक खटकते.

माझे मत आधीच सांगितलेले बरे. खाणाऱ्याच्या प्रकृतीच्या दृष्टीने सेंद्रिय अन्न हे नेहमीच्या पद्धतीने पिकवलेल्या अन्नापेक्षा लक्षणीय चांगले असते, असे आजवर सिद्ध झालेले नाही. आणि ज्या कुटुंबाला ते परवडत नाही, त्याने आपण मुलांना काहीतरी निकृष्ट खाऊ घालतो आहोत असे मनाला लावून घेण्याचे काडीचेही कारण नाही. मात्र सेंद्रिय शेतीतल्या काही रीती जमिनीसाठी आणि फवारणी करणाऱ्या माणसासाठी निश्चितपणे हितकारक आहेत, आणि त्या रीतींचा लाभ प्रमाणपत्र नसलेल्या शेतालाही घेता येतो. प्रश्न शेताचा असताना आपण त्याचे उत्तर ताटात शोधतो, म्हणून हा वाद वर्षानुवर्षे जागचा हलत नाही.

सेंद्रियवाद्यांच्या हातातला सर्वांत भक्कम पुरावा टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा नेहमीच्या पद्धतीच्या मालाच्या ३८ टक्के नमुन्यांत कीटकनाशकांचे अवशेष आढळले, तर सेंद्रिय मालाच्या केवळ ७ टक्के नमुन्यांत. ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या पुढाकाराने २०१४ मध्ये झालेल्या अशाच एका मोठ्या पडताळणीत सेंद्रिय पिकांत कॅडमियम हा घातक धातू कमी आणि काही उपयुक्त वनस्पतिजन्य द्रव्ये अधिक आढळली. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या सुमारे ६९ हजार लोकांच्या पाहणीत, सर्वांत जास्त सेंद्रिय अन्न खाणाऱ्या गटात कर्करोगाचे प्रमाण सुमारे २५ टक्के कमी दिसले. हे सारे आकडे खरे आहेत, प्रतिष्ठित नियतकालिकांत छापून आलेले आहेत, आणि त्यांची टर उडवण्याचा अधिकार कुणालाही नाही.

पण आकडा खरा असणे वेगळे आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष खरा असणे वेगळे. फ्रान्सच्या त्या पाहणीत सेंद्रिय खाणारे लोक अधिक शिकलेले, अधिक मिळकतीचे, कमी धूम्रपान करणारे आणि भाज्या-फळे मुळातच जास्त खाणारे होते. आकडेशास्त्राने हे फरक वजा करण्याचा प्रयत्न केला जातो. तो पूर्ण साधतोच असे नाही. त्याआधी, २०१४ मध्ये, ब्रिटनमधल्या सहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या नोंदींवरून हाच प्रश्न तपासला गेला होता, आणि तिथे सेंद्रिय खाणाऱ्यांत कर्करोगाचे एकंदर प्रमाण कमी आढळले नाही. एका प्रकारच्या रक्ताशी संबंधित कर्करोगाचे प्रमाण कमी होते, तर स्तनाच्या कर्करोगाचे किंचित जास्त. त्यावरून सेंद्रिय भाजीने स्तनाचा कर्करोग होतो असा प्रचार कुणी केला नाही, आणि ते योग्यच झाले. मग उलट दिशेचा आकडा मिळाला की तेवढ्यावर हुरळून जाण्याचे कारण काय? राहता राहिले अवशेष. स्टॅनफर्डच्याच पडताळणीत ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त अवशेष असलेल्या नमुन्यांचे प्रमाण दोन्हीकडे थोडेच होते, आणि त्यात म्हणावा तसा फरक नव्हता. ही मर्यादा ठरवताना प्राण्यांवरील प्रयोगांत ज्या मात्रेने काहीही अपाय दिसत नाही, ती मात्रा घेऊन तिचाही साधारण शंभरावा भाग माणसाला रोज चालेल असा धरतात. विष आणि औषध यांतला फरक मात्रेने ठरतो, हे आयुर्वेदावर श्रद्धा असणाऱ्यांनी तरी नाकारू नये.

यावर इथला जाणता माणूस लगेच विचारील की ही सगळी मोजमापे युरोप-अमेरिकेतली, जिथे मर्यादा पाळल्या जातात. आपल्याकडे कोण पाहतो? आक्षेप बिनतोड आहे. मोनोक्रोटोफॉस हे जहाल कीटकनाशक भाजीपाल्यावर वापरण्यास २००५ पासून बंदी असली तरी ते पुढेही सर्रास विकले गेले, आणि २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या माध्यान्ह भोजनातून तेच पोटात गेल्याने २३ मुले दगावली. शेतकरी काढणीच्या दोन दिवस आधी फवारतो, दुकानदार ‘जोरदार’ म्हणून दोन-तीन औषधे एकत्र देतो, हे खोटे नाही. पण या आक्षेपाचा शेवट कुठे होतो ते पाहावे. जी व्यवस्था मंडीतल्या टोपलीतले अवशेष तपासू शकत नाही, तीच व्यवस्था सेंद्रियचा शिक्का मात्र चोख तपासते, असे कोणत्या आधारावर मानायचे? २०२० मध्ये भारतातून युरोपात गेलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइड या घातक जंतुनाशक वायूचे अवशेष सापडले आणि त्या मालात सेंद्रिय म्हणून विकलेला तीळही होता. २०२१ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने भारताच्या सेंद्रिय प्रमाणीकरणाला दिलेली मान्यता काढून घेतली. प्रमाणित सेंद्रिय क्षेत्रात मध्य प्रदेश देशात आघाडीवर असल्याचे आपण अभिमानाने सांगतो, तेव्हा या गोष्टीही आपल्याच अंगणातल्या समजल्या पाहिजेत. देशी बाजारासाठी २०१७ चे नियम आहेत. त्यांतून थेट ग्राहकाला विकणाऱ्या छोट्या उत्पादकाला प्रमाणपत्राची सूट आहे, आणि ती योग्य आहे, कारण पाच बिघ्यांचा शेतकरी प्रमाणपत्राचा खर्च कुठून करणार? पण मग हाटात आपण जे विकत घेतो तो विश्वास असतो, तपासणी नसते. विश्वासाला माझी ना नाही. फक्त त्याला शास्त्राचे नाव देऊ नये.

शिवाय ‘नैसर्गिक’ म्हटले की निरुपद्रवी, ही समजूत तर अगदीच भाबडी आहे. मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण गेल्या शतकाच्याही आधीपासून द्राक्षांवर फवारले जाते आणि सेंद्रिय शेतीत तांब्याची अशी औषधे मर्यादेत चालतात; पण तांबे जमिनीत साचत जाते आणि गांडुळांना ते मानवत नाही. २०११ मध्ये जर्मनीत ई-कोलाय जिवाणूच्या साथीत पन्नासहून अधिक माणसे मेली. तिचा माग मोड आलेल्या मेथीपर्यंत लागला, आणि ज्या शेतावर ते मोड तयार झाले ते सेंद्रिय होते. दोष सेंद्रियपणाचा नव्हता, बियाण्यातून आलेल्या जिवाणूचा होता, हे मान्य. पण शिक्का जिवाणूला अडवत नाही एवढे तरी त्यावरून समजावे. आपल्या गावात तर याहून साधा प्रश्न आहे. कान्ह नदीच्या सांडपाण्यावर भाजी पिकवली जाते ही इंदूरची जुनी तक्रार आहे. त्या पाण्यातून येणाऱ्या धातूंना शेतकऱ्याने युरिया टाकला की शेणखत, याच्याशी काय देणेघेणे?

इथवर वाचून ज्यांना आपली बाजू जिंकली असे वाटले असेल, त्यांच्याकडे आता वळतो. सेंद्रिय शेती हे पाश्चात्त्यांचे फॅड आहे असे म्हणणाऱ्या इंदूरकराला आपल्या गावाचा इतिहास ठाऊक नाही. आज जिथे कृषी महाविद्यालय आहे, तिथे होळकर दरबाराने दिलेल्या सुमारे ३०० एकर जमिनीवर १९२४ मध्ये वनस्पती-उद्योग संस्था उभी राहिली. तिचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड १९०५ पासून बिहारमधल्या पुसा इथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ होते आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल या स्वतः तितक्याच तोलाच्या संशोधक होत्या. संस्था स्थापन झाली ती कपाशीसाठी, अध्यात्मासाठी नव्हे. प्रश्न रोकडा होता : माळव्या-निमाडातल्या शेतकऱ्याकडे खत घ्यायला पैसा नाही, शेणाच्या गोवऱ्या चुलीत जातात, आणि कपाशीच्या पऱ्हाट्या इतक्या टणक की कुजता कुजत नाहीत. हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी जी पद्धत बसवली ती पाहण्यासारखी आहे. पऱ्हाट्या आधी शेतातल्या गाडीवाटेवर पसरायच्या, म्हणजे बैलगाड्यांच्या चाकांखाली त्या आपोआप चिरडल्या जातात. मग त्या गोठ्यात बैलांच्या पायांखाली अंथरायच्या, म्हणजे मूत्र त्यांत मुरते. मग तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि दोनेक फूट खोल खड्ड्यात हा सगळा कचरा, शेण, मूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचायचे, पाणी शिंपडायचे आणि ठरावीक दिवसांनी तीनदा वरखाली करायचे. तीन महिन्यांत काळेभोर, भुसभुशीत खत तयार. १९३१ मध्ये या दोघांनी ही पद्धत पुस्तकरूपाने जगापुढे ठेवली. जगभर ती ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते. १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इथे आलेल्या गांधीजींनी ती मुद्दाम जाऊन पाहिली, आणि इंग्लंड-अमेरिकेतली सेंद्रिय चळवळ पुढे हॉवर्डनाच आपला आद्य प्रवर्तक मानू लागली. ज्या शहराने ही गोष्ट जगाला दिली, त्या शहरात तिला परदेशी खूळ म्हणावे, याला काय म्हणावे?

हॉवर्ड उतारवयात रासायनिक खतांचे कट्टर विरोधक झाले, आणि तिथे मात्र मी त्यांच्या मागे जाऊ शकत नाही. इंग्लंडमधल्या रॉदमस्टेड इथे १८४३ पासून एकाच शेतात दरवर्षी गहू पेरून त्याच्या काही पट्ट्यांना केवळ शेणखत आणि काहींना केवळ रासायनिक खत दिले जाते. शंभराहून अधिक वर्षे दोहोंचे उत्पन्न जवळजवळ बरोबरीचे राहिले. रसायनाने जमीन ‘मरते’ असे म्हणणाऱ्याला हे शेत उत्तर देते. पण तेच शेत दुसऱ्या बाजूलाही उत्तर देते, कारण शेणखताच्या पट्टीतला सेंद्रिय कर्ब रासायनिक पट्ट्यांच्या दुपटीहून अधिक आहे, आणि भरड धान्य असो की सोयाबीन, पाऊस लांबला की कुठली जमीन ओल धरून ठेवते हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. यातली मेख अशी की त्या पट्टीला दर हेक्टरी दरवर्षी ३५ टन शेणखत मिळते. एवढे शेणखत कुणाच्या गोठ्यात आहे?

हा हिशेब आपल्या भागापुरता करून पाहू. ओलिताच्या गव्हाला हेक्टरी साधारण १२० किलो नत्र लागते. शेणखतात नत्र असते अर्धा टक्का, म्हणजे २४ टन शेणखत, ट्रॉलीच्या भाषेत आठ-दहा भरगच्च ट्रॉल्या, तेही चार बिघ्यांना. शिवाय त्यातले सगळे नत्र पहिल्या वर्षी पिकाला मिळतच नाही. माळव्यात बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतल्याला एक पिढी उलटली. मग शहराचा कचरा? देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पात, जो २०२२ मध्ये सुरू झाला, दिवसाला ५५० टन ओला कचरा घेऊन त्यातून गॅस आणि सुमारे १०० टन खत काढण्याची योजना आहे. ही कौतुकाचीच गोष्ट आहे. पण वर्षाचे ३६ हजार टन खत हेक्टरी १० टन या बेताच्या मात्रेने टाकले तरी चार हजार हेक्टरसुद्धा भागत नाहीत. म्हणजे इंदूर जिल्ह्याच्या ३,९०० चौरस किलोमीटरपैकी जेमतेम एक टक्का. देशातल्या सर्वांत स्वच्छ शहराची ही कथा, तर इतरांची काय असेल? हवेतल्या नत्रापासून अमोनिया बनवण्याची हाबर आणि बॉश यांची पद्धत १९१३ मध्ये कारखान्यात सुरू झाली, आणि आज जगातली जवळजवळ निम्मी माणसे तिच्यामुळे जेवतात असा अंदाज आहे. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली, भाताचे उत्पन्न कोसळले, तांदूळ बाहेरून आणावा लागला आणि वर्ष संपायच्या आत सरकारला माघार घ्यावी लागली. त्या देशाच्या दिवाळखोरीला इतरही कारणे होती. पण हा निर्णय शेतकऱ्याला न विचारता, ताटाकडे पाहून घेतलेला होता, हे विसरू नये.

याचा अर्थ सेंद्रियचा नाद सोडावा असा नाही. नर्मदेपलीकडे निमाडात, खरगोन जिल्ह्यातल्या कसरावदजवळ, स्वित्झर्लंडच्या सेंद्रिय शेती संशोधन संस्थेच्या साहाय्याने २००७ पासून कपाशी, सोयाबीन आणि गहू यांवर दोन्ही पद्धतींची शेजारी शेजारी तुलना चालू आहे. तिच्या पहिल्या काही वर्षांच्या निष्कर्षांत गहू आणि कपाशी सेंद्रिय पद्धतीत मागे पडली, सोयाबीन जवळजवळ बरोबरीने आले, आणि खर्च बराच कमी असल्यामुळे शेतकऱ्याच्या हातात उरणाऱ्या पैशांत फारसा फरक राहिला नाही. सोयाबीन आपले नत्र आपणच हवेतून मिळवते, त्यामुळे हे नवल नाही. सोयाबीनला भरपूर शेणखत, गव्हाला अर्धे शेणखत नि अर्धा युरिया, अशी सरमिसळ करणाऱ्या शेतकऱ्याला कुठलाच शिक्का मिळत नाही, आणि माझ्या मते शहाणी शेती तीच आहे. पण तिच्या वाटेत सरकारच आडवे आहे. युरियाची ४५ किलोची गोणी कर वगळून २४२ रुपयांना मिळते, जी किंमत खऱ्या खर्चाच्या कितीतरी खाली आहे. त्यामुळे शेतकरी स्फुरद-पालाश सोडून युरियाच ओततो, आणि मग अशा बेताल शेतीची तुलना आदर्श सेंद्रिय शेताशी करून रसायनांना शिव्या दिल्या जातात.

आणि आता ज्या माणसाचे नाव या वादात कुणीच घेत नाही, त्याच्याविषयी. ऑगस्टमध्ये सोयाबीन गुडघ्यापर्यंत आलेले असते, चक्रीभुंगा नि हिरव्या उंटअळीचा जोर असतो, आणि रोजाने बोलावलेला मजूर सोळा लिटरचा पंप पाठीला लावून ओळींमधून चालत असतो. औषध बाटलीच्या झाकणाने मोजलेले, बादलीत काठीने आणि काठी नसली तर हाताने ढवळलेले. तोंडाला गमछा, पायांत चप्पल. बाटलीवरचा लाल त्रिकोण म्हणजे अतिजहाल विष, हे त्याला कुणी सांगितलेले नसते, आणि माहितीपत्रकाची अक्षरे भिंगानेच वाचावीत अशी. वारा फिरला की तुषार त्याच्याच तोंडावर येतात. पंप गळका असेल तर सदऱ्याची पाठ दिवसभर ओली. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर विषबाधेने मेले व शेकडो रुग्णालयात दाखल झाले. केरळातल्या कासरगोडमध्ये काजूच्या बागांवर हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारले गेले आणि त्या गावांच्या पिढ्या त्याचे भोग भोगत आहेत. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली. १९८४ मध्ये भोपाळात सुटलेला वायू कीटकनाशक बनवण्यासाठीच साठवलेला होता, हे मध्य प्रदेशात राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. या तिन्ही ठिकाणी मेलेले आणि अपंग झालेले लोक ती भाजी किंवा तो काजू खाणारे नव्हते. शेतात, शेताशेजारी आणि कारखान्याशेजारी राहणारे होते. कीटकनाशकांविरुद्धचा खरा खटला हा आहे. आपल्या पालकाच्या जुडीपायी आपण तो इतका लहान करून ठेवला की वैशालीनगरातल्या ग्राहकाच्या पोटापलीकडे त्याला कुणी विचारत नाही.

हाटातून घेण्याची ज्यांची ऐपत आहे त्यांनी अवश्य घ्यावे. त्यातून दोन-चार शेतकरी फवारणीपासून वाचत असतील तर तो पैसा सत्कारणी लागला. पण तिथे विचारायचा प्रश्न ‘हे सेंद्रिय आहे ना?’ हा नव्हे. जमिनीत काय टाकले, शेवटची फवारणी कसली केली आणि तोडणीच्या किती दिवस आधी केली, हे विचारावे. हेच प्रश्न चोइथराम मंडीतल्या मालालाही लागू आहेत, फरक इतकाच की तिथे उत्तर द्यायला शेतकरी समोर नसतो. म्हणून तिथे येणाऱ्या मालाचे नमुने नियमाने तपासावेत आणि कोणत्या भाजीत काय सापडले ते लिलावाच्या ओट्याजवळ फळ्यावर लिहावे, अशी मागणी मंडी समितीकडे करायला हवी. प्रमाणपत्रांच्या अनुदानातला थोडा भाग तिकडे वळवला तर पैशांची अडचण पडू नये, आणि त्याचा लाभ हातगाडीवरून दहा रुपयांची मेथी घेणाऱ्या बाईलाही होईल, जिला जैविक हाट कुठे भरतो हे ठाऊकही नाही.